कोयत्याचा ठोका

भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास वेळा थरथरते. बीडमध्ये पन्नास, धारूरमध्ये पन्नास, दिल्लीतही पन्नासच. ती कधी येते कधी जाते, त्याचा भरवसा नाही. पण असते तेव्हा पन्नास.

•

धारूरच्या एका घरात आईला लेकीला हाक मारायची असली की ती तव्यावर उलथनं आपटते.

•

केजच्या स्टँडसमोर फ्लेक्स लागलाय. निळी साडी, हातात माइक, डोळे मिटलेले. खाली लिहिलंय: भीमकन्या शिवकन्या यांच्या सुमधुर आवाजात. त्याच्या खाली, त्याहून मोठ्या अक्षरात: गीत-संगीत युवराज.

•

ऊस तोडायचा कोयता बाभळीच्या ओंडक्यावर मारला तर 'खट्' असा आवाज होतो आणि त्याच्या मागं पात्याची एक बारीक किणकिण राहते.

•

"वीज पडली आन् हार्ड डिस्क जळाली," असं सांगणाऱ्या माणसाच्या खोलीत एसी चालू होता, दिवे चालू होते आणि भिंतीवरचा टीव्ही मुका करून लावून ठेवला होता.

रेकॉर्ड

पंचशीला बीडला आली ती भांडायलाच. प्रियदर्शनी एका खासगी संस्थेत ध्वनिमुद्रण शिकवायची. वर्ग सुटत होता आणि दारात ही नर्सच्या पांढऱ्या कपड्यात उभी, ड्युटीवरून थेट बस पकडलेली. जयभीम झाला, पण पाणी घेतलं नाही. मोबाइल टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं.

हातातला कोयता ठिवला बांधावर
लेकीची पाटी घेतली मांडीवर

प्रियदर्शनीला शब्द दुसऱ्याच ओळीला ओळखू आले. हे सिंधुबाई ओव्हाळांचं गाणं. पंचशीलाच्या आईनं स्वतः रचलेलं, स्वतः चाल लावलेलं. अख्खं आयुष्य ऊसतोडीत गेलेल्या या बाईचा आवाज दोन वर्षांपूर्वी नांदूरघाटच्या युवराजच्या स्टुडिओत प्रियदर्शनीनंच रेकॉर्ड केला होता. तेव्हा ती तिथं नोकरीला होती. नुसता आवाज घ्यायचा, संगीत मागून चढवायचं, असं ठरलेलं. संगीत काही झालं नाही. प्रियदर्शनी नोकरी सोडून बीडला आली. मग सिंधुबाईंच्या गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि गाठीबरोबर आवाजही काढून टाकावा लागला. आता त्या श्वास घेतात तो मानेच्या छिद्रातून.

युवराजनं घरच्यांना सांगितलं होतं, की डिस्क जळाली, रेकॉर्डिंग गेलं. आणि आता चौदा एप्रिलच्या तोंडावर तेच गाणं शिवकन्याच्या नावानं गावागावात वाजत होतं.

"शब्द चोरले ते तर दिसतंयच," पंचशीला म्हणाली. "पण मला इचारायचंय दुसरं. हा आवाज कुणाचा हाय? माझ्या आईचा आवाज या जगात एकाच ठिकाणी होता, तुमच्या त्या डिस्कात. तो तिथंच हाय का जळाला, येवडं सांगा. आन् ताई, डिस्कावर हात तुमचाबी होता."

प्रियदर्शनीनं डोळे मिटून पुन्हा ऐकलं. वळण सिंधुबाईंचं होतं. 'बांधावर'वर थांबून खाली घसरायची ती ढब त्यांचीच. पण आवाज पातळ, चकचकीत, पंचविशीतल्या पोरीचा. सिंधुबाईंचा आवाज कसा, तर भरड दळलेल्या पिठासारखा.

नाही म्हणायला तिची जीभ उचलली. तेवढ्यात दुसऱ्या कडव्यात सगळी वाद्यं थांबली, एक ओळ नुसता आवाज उरला, आणि त्या आवाजाच्या मागं, अगदी खोल, काहीतरी टिचकी मारल्यासारखं वाजत गेलं.

प्लेबॅक

युवराजचा स्टुडिओ बी-बियाण्याच्या दुकानावर आहे. तो पाहुणचाराला कमी पडला नाही. चहा मागवला, खुर्चीवरचा टॉवेल झटकला, ताई कशा आहात, बीड मानवलं का, सगळं विचारून झालं. काचेपलीकडच्या बंद खोलीत एक गायक घसा साफ करत होता. इकडच्या टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक खट् खट् ऐकू येत होती. प्रियदर्शनीला त्या खोलीचा वास, तो आवाज, चिकट झालेली बटणं, सगळं सवयीचं वाटलं आणि त्याचाच तिला राग आला.

डिस्कचं विचारल्यावर त्यानं मान हलवली. मागच्या आषाढात वीज पडली, डिस्क जळाली, किती जणांची गाणी गेली म्हणून सांगू. ती फेकून दिली. शब्दांबद्दल म्हणाला की लोकगीतच ते, लोकांचं असतं, कुणा एकाचं कसं. आणि आवाज शिवकन्याचा आहे, तिनं इथंच येऊन गायलं, विचारा तिला.

प्रियदर्शनीनं विचारलं, सिंधुबाईंची ढब जशीच्या तशी कशी आली?

"ताई, बायांचे आवाज सारखेच असतेत," युवराज हसून म्हणाला. "तुमी तर शिकवता. तुमाला म्यां काय सांगावं."

एका बाईनं तीस वर्षं उसाच्या फडात गाऊन कमावलेला गळा, आणि हा म्हणतो सारखेच असतात. प्रियदर्शनी चहा अर्धा टाकून उठली. जिना उतरताना मागून युवराजचा आवाज आला, तितकाच गोड:

"डिस्क शेवटी तुमीच हाताळलेली. मी कुणाला बोललो न्हाई आजून."

डबिंग

शिवकन्या बीडजवळ पालीला राहते. अंगणात फ्लेक्सवरचीच निळी साडी वाळत पडली होती. प्रियदर्शनीची कल्पना होती की ही बाई उडवून लावेल. तिनं तर हौसेनं सगळं सांगितलं. तिची पट्टी पांढरी सहा, म्हणजे पेटीवरची सहावी पांढरी पट्टी तिचा सा. त्याच पट्टीत गायली. सर्दी होती, वरचा सूर लागेना. युवराजभाऊ म्हणाले, काळजी करू नका, मशीन सगळं नीट करतं. आणि काय नीट केलं. स्वतःचाच आवाज ओळखू येईना इतका गोड.

"पहिल्यांदा ऐकलं तवा मला वाटलं ही मी न्हाईच," ती हसत म्हणाली. "पण आता सगळ्यांचंच आसं असतंय ना? मशिनीतून निघालेला आवाज कुणाला स्वतःचा वाटतो?"

मागच्या त्या टिचकीबद्दल विचारलं तर म्हणाली, बांगड्या असतील. ऐकणाऱ्यांनीही मोबाइलवर गाण्याखाली तसंच लिहिलंय, बांगड्यांची किणकिण काळजाला भिडली म्हणून. पण मग स्वतःच थबकली. गाताना ती बांगड्या काढून ठेवते. हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट बसवते, बाहेरचं काही ऐकू येऊ देत नाही. तिच्या कपाळावर आठी पडली.

"मग ते काय वाजतंय, ताई?"

कळलं की सांगते, म्हणून प्रियदर्शनी उठली. पण एक गोष्ट तिला कळली आणि ती गाडीत बसून मुठी वळत राहिली. चोरी ज्या बाईच्या नावावर झाली तिला चोरी झाल्याचाच पत्ता नव्हता. लोकांना इतकी वर्षं यंत्रातले आवाज ऐकवले, की एका गाणाऱ्या बाईला स्वतःचा गळा ओळखता येईना.

म्यूट

सिंधुबाई.

पलंगावर बसलेल्या. गळ्याला पांढरं फडकं. प्रियदर्शनीला पाहून दोन्ही हात जोडले, मग शेजारची जागा थोपटली.

पंचशीलानं मोबाइल लावला.

पहिली ओळ. सिंधुबाईंचा चेहरा हलला नाही.

दुसरी ओळ. डोळे बारीक झाले.

एकट्या आवाजाची ओळ आली तेव्हा त्यांनी उजवा हात उचलून कानावर ठेवला. गाताना असाच ठेवायच्या. दोन वर्षांपूर्वीही तसाच ठेवला होता, आणि त्यासाठी हेडफोनची त्या बाजूची वाटी मागं सरकवली होती.

गाणं संपलं. त्यांनी स्वतःच्या फडक्यावर बोट टेकवलं. मग तेच बोट पंचशीलाच्या गालावर, सुरकुती नसलेल्या गालावर फिरवलं. पुन्हा फडक्यावर. पुन्हा गालावर. कुणालाच कळत नाही असं पाहून त्यांनी रागानं मांडीवर हात मारला.

पंचशीलानं ते बोट गालावरच धरलं. "आई म्हणती, आवाज माझाच हाय. पण मी तुझ्यायेवडी आसतानाचा."

सोलो

तरुण केलेला आवाज. म्हणजे वर चढवलेला आवाज.

प्रियदर्शनी संस्थेत गेली, दुपारचा वर्ग दुसऱ्यावर सोपवला आणि संगणकावर त्या एकट्या ओळीचा तुकडा कापून घेतला. कुठल्याही साध्या स्टुडिओत वायरमधून विजेची घुमघुम माइकमध्ये शिरतेच. कानाला ती जाणवत नाही, पण आवाजाचा आलेख काढला की तळाशी एक सरळ रेघ दिसते. पन्नासवर. नेहमी पन्नासवर.

इथं रेघ होती छप्पन्नवर.

तिनं तुकडा पुन्हा कापला, पुन्हा मोजला. छप्पन्न. पन्नासची वीज छप्पन्न तेव्हाच होते जेव्हा कुणीतरी अख्खं रेकॉर्डिंग उचलून दोन अर्धसूर वर ठेवतं. गळा चढतो, आणि गळ्याबरोबर मागची वीजही चढते. चोरानं आवाज तरुण केला, पण वीज तरुण करायची नसते हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिनं तो तुकडा तेवढाच खाली आणला. रेघ पन्नासवर बसली. आणि स्पीकरमधून सिंधुबाई गायल्या, भरड, रुंद, पांढरी पाचमध्ये, त्यांच्या स्वतःच्या पट्टीत. मागची टिचकीही खाली उतरली. आता ती बांगडी राहिली नव्हती.

खट्. मागं पात्याची किणकिण.

कोयता होता तो. रेकॉर्डिंगच्या दिवशी सिंधुबाईंना हेडफोनमधली टिकटिक जमेना. "ह्या घड्याळावर कोन गातं," म्हणाल्या होत्या. फडात त्या गायच्या ते कोयत्यांच्या ठोक्यावर. मग प्रियदर्शनीनं कोयता आणि ओंडका मागवला, एक ठोका रेकॉर्ड केला, आणि त्याचाच ताल त्यांच्या कानात सोडला. एक वाटी मागं सरकवलेली, तिथून तो ठोका गळून माइकमध्ये उतरला होता.

आवाज कुणाचा हे कळलं. चोर कोण ते राहिलं. युवराज म्हणतो डिस्क आषाढात जळाली. गाण्याचं संगीत मात्र, शिवकन्या बोलता बोलता म्हणाली होती, दुसऱ्याच माणसानं बसवलंय, युवराजकडच्या सत्यमनं.

ठोका

सत्यम सापडला धारूरच्या बाजारात, भावाच्या मोबाइलच्या दुकानात. की-बोर्डवाला, पंचविशीचा, बोलताना सारखा मान खाजवणारा. प्रियदर्शनीनं संशय तोंडावर टाकला तसा तो उखडला.

"मॅडम, मी चोर आसतो तर नाव माजं आसतं फ्लेक्सवर. हाय का कुटं? सगळा बाजा म्यां बसवला आन् संगीत युवराज. मला पेन ड्राइव्हवर आवाज आला. त्यावर लिवलेलं, शिवकन्या. म्यां कशाला इचारू कुणाचा हाय?"

तो दिवाळीत युवराजकडे लागला. म्हणजे आषाढानंतर. डिस्क त्यानं पाहिलीही नव्हती. पण हे सगळं त्याच्या शब्दावर. खोटं बोलत नसेल कशावरून? प्रियदर्शनीनं सहज, मोबाइलवर तो खाली उतरवलेला तुकडा त्याला ऐकवला. ऐकता ऐकता सत्यमच्या बोटांनी काउंटरवर ताल धरला.

"हा तर आपला कोयता," तो म्हणाला.

आपला म्हणजे?

स्टुडिओत आता सगळ्यांच्या कानात हाच ठोका सोडतात, त्यानं सांगितलं. भजनवाले, लग्नाची गाणीवाले, सगळे. टिकटिकवर गावाकडचे गायक गडबडतात, कोयत्यावर बरोब्बर पडतात. आधी नव्हता. संक्रांत झाल्यावर एक दिवस युवराजभाऊंनी आणला, स्वतः शोधून काढला म्हणाले.

प्रियदर्शनीला युवराजची खोली आठवली. टेबलावरच्या हेडफोनमधली ती खट् खट्. तिनं ती ऐकली होती, आणि ओळखीची म्हणून सोडून दिली होती.

मिक्स

दुसऱ्या दिवशी दुपारी बी-बियाण्याच्या दुकानावर चौघं जण चढले: प्रियदर्शनी, पंचशीला, सत्यम आणि शिवकन्या. शिवकन्याला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं सकाळी स्वतः फोन करून विचारलं होतं, ते काय वाजतंय ते कळलं का, आणि कळल्यावर म्हणाली होती, मी येते.

प्रियदर्शनीनं आधी कोयता काढला. युवराज तयारच होता.

"त्यात काय? आमच्यात सगळेच कोयत्यावर गातेत. शिवकन्याताई बी त्याच्यावरच गायल्या. इचारा."

शिवकन्यानं मान डोलावली. तिच्याही कानात तेच होतं. युवराजनं खुर्चीत पाठ टेकली.

प्रियदर्शनी म्हणाली, मग दोन ठोके ऐकू. टेबलावरच्या हेडफोनच्या जागी स्पीकर जोडून तिनं स्टुडिओतला ठोका वाजवला. मग गाण्यातला. लहान पोरालाही कळावं इतका फरक. गाण्यातला वर चढलेला, पातळ. मग तिनं विजेची रेघ दाखवली.

"शिवकन्याताईंची पट्टी पांढरी सहा. गाणं पांढरी सहात. त्या स्वतःच्या पट्टीत गायल्या तर आवाज चढवायचं कारण काय? आणि चढवला नसेल, तर नांदूरघाटात वीज छप्पन्न वेळा थरथरते का, युवराजभाऊ?"

युवराजनं सत्यमकडे बोट केलं. मिक्सिंग यानं केलं, यालाच विचारा. सत्यम खुर्चीतून अर्धा उठला, पण पंचशीलानं त्याला दंडाला धरून बसवलं.

"मग एवढंच सांगा," प्रियदर्शनी म्हणाली. "कोयत्याचा ठोका कुठून आणला?"

"म्हंजी? स्टुडिओतलाच हाय."

"तो मी सिंधुबाईंसाठी केला. त्यांच्या गाण्याबरोबर एकाच डिस्कवर ठेवला, दुसरीकडं कुठंच नाही. तुमच्याच नियमानं, स्टुडिओतली फाइल बाहेर न्यायची नाही. ती डिस्क आषाढात जळाली म्हणता. सत्यम आला दिवाळीत. ठोका आला संक्रांतीनंतर. जळालेल्या डिस्कमधून तुम्ही कोयता काढला, आणि त्याच्या शेजारचं गाणं मात्र जळून गेलं होतं का?"



युवराजनं टेबलाचा खण उघडला. डिस्क तिथंच होती, चार्जरच्या वायरींमध्ये. ती त्यानं लपवलीही नव्हती. कुणी शोधायला येईल असं त्याला वाटलंच नव्हतं, आणि याचा पंचशीलाला सगळ्यात जास्त संताप आला.

"पडून होता आवाज," युवराज म्हणाला. आता त्याचा गोडवा गेला होता. "संक्रांतीला उघडून बगितला, चांगला होता. शिवकन्याचा सूर लागेना, प्रोग्रॅम ठरलेले. सिंधुबाईला तर आता बोलता बी येत न्हाई. तिच्या नावानं कोन ऐकलं आसतं? कोन बोलावलं आसतं स्टेजवर? म्यां तर गाणं लोकापत्तोर नेलं. खाली नाव टाकतो तिचं, साभार म्हणून. झालं?"

पंचशीला पुढं झाली. तिनं आवाज चढवला नाही.

"आमच्या आईचं बोलणं बंद झालं म्हणून तू तिला मेलेली धरलीस. मेलेल्याच्या बी घरात आसं शिरत न्हाईत. साभार तुज्या घरी ठेव. डिस्क दे."

युवराज हलला नाही. डिस्क उचलली ती शिवकन्यानं. तिनं ती पदरानं पुसली, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि पंचशीलाच्या हातात दिली. मग तिथंच उभं राहून मोबाइल समोर धरला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. युवराज म्हणाला, ताई, विचार करा, पुढचे सगळे प्रोग्रॅम जातील. शिवकन्यानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"जयभीम. मी शिवकन्या. हे गाणं मी गायलेलं न्हाई. मला वाटत होतं मीच गायले. हा आवाज धारूरच्या सिंधुबाई ओव्हाळ यांचा हाय. गाणं बी त्यांचंच."

फेड

फ्लेक्स निघाला. युवराजनं गाणं काढून टाकलं, पण तोवर ते इतक्यांच्या मोबाइलवर गेलं होतं की काढण्याला अर्थ नव्हता. शिवकन्याचे कार्यक्रम खरंच गेले. शब्दांच्या चोरीची तक्रार पंचशीलानं दिली, तिचं काय व्हायचं ते होईल.

चौदा एप्रिलला सकाळी प्रियदर्शनीनं मूळ रेकॉर्डिंग इंटरनेटवर लोकांसमोर ठेवलं. वाद्यं नाहीत, चढवणं नाही, पांढरी पाच. कोयत्याची गळतीही तशीच ठेवली. नाव: सिंधुबाई ओव्हाळ, गीत, चाल आणि आवाज. धारूरच्या घरात सगळे मोबाइलभोवती बसले. ऐकणाऱ्यांचं लिहिणं खाली येऊ लागलं आणि पंचशीला मोठ्यानं वाचू लागली. छान. जयभीम माय. डोळ्यात पाणी आलं. मग एकानं लिहिलं, आवाज जाड आहे. दुसऱ्यानं लिहिलं, ही कॉपी आहे, ओरिजिनल शिवकन्याचं ऐका. त्याच्याखाली तिसरा, चौथा, ओरिजिनल ऐका, ओरिजिनल ऐका.

प्रियदर्शनीनं मोबाइल काढून घ्यायला हात पुढं केला. तिला तो भिंतीवर फेकावासा वाटत होता. सिंधुबाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांनी मोबाइल स्वतःच्या मांडीवर घेतला, पंचशीलाचं बोट पकडून गाण्यावर ठेवलं, आणि पुन्हा लावायला लावलं. मग आवाजाची बटणं सापडेपर्यंत कडेला चाचपत राहिल्या. सापडल्यावर त्यांनी वरचं बटण दाबून धरलं. गल्लीतली दोन दारं उघडली. त्यांनी बटण सोडलं नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी, माइक लावायच्याही आधी, सिंधुबाईंनी ते गाणं स्टुडिओच्या जिन्यात उभ्या उभ्या एकदा पूर्ण म्हणून दाखवलं होतं. ते कुणी रेकॉर्ड केलं नाही.